भोंग्यावर पुकारलेलं नाव

फोनवर बसायचं काम माझ्याकडे आलं, कारण संस्थेतलं दुसरं कुठलंच काम मला जमत नव्हतं. गावात बैठक असली की मी मागे, चपला काढलेल्या असायच्या तिथे बसायची. कुणी काही विचारलं तर आधी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. माझी सगळी शाळा नगरला इंग्रजी माध्यमात झाली. वडील नागापूरला एमआयडीसीत फिटर होते आणि त्यांनी हट्टाने मला त्या शाळेत घातलं होतं. घरात बोलायची मराठी होती माझ्याकडे, चार लोकांत बोलायची नव्हती. संस्था चालवणाऱ्या ताईंनी दोन महिने हे पाहिलं आणि एक दिवस म्हणाल्या, तुला माणूस दिसला की तू मिटतेस. फोनवर माणूस दिसत नाही. तिथे बस.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ झाले होते. ताईंच्या डोक्यात आलं की जिथे जिथे बूथ आहे तिथल्या मुलांना आपला नंबर द्यायचा. घरात, शाळेत, शेतावर कुणी मारत असेल, त्रास देत असेल तर मुलाने बूथवर जायचं आणि फोन लावायचा. बूथवाल्याने पोरांकडून काही घ्यायचं नाही, ते आम्ही बघायचं. कर्जत तालुक्यातल्या काही गावांपासून सुरुवात केली. शाळांच्या भिंतींवर नंबर रंगवला. तो रंगवताना अक्षरं सरळ येतात की नाही हे बघायचं काम माझं, आणि तेवढंच मी गावात जाऊन केलं.

ज्या गावाबद्दल मी लिहिते आहे, तिथल्या बैठकीत एक म्हातारीशी बाई म्हणाली होती, "पोरांचं झालं. सासूला मारत्यात तिचा नंबर कवा रंगवनार?" सगळ्याजणी हसल्या. तिच्या शेजारी बसलेली तिची सून सगळ्यात जास्त हसली. बूथ स्टँडजवळच्या किराणा दुकानात होता. दुकानदार बोलका माणूस. त्याला काम समजावून सांगायला ताईंनी मुद्दाम मला पुढे केलं. मी ठरवून आणलेली वाक्यं म्हणून दाखवली. त्याने मान हलवत सगळी ऐकली आणि म्हणाला, "कळलं बाई. पन तुमची मराठी लई सोवळी हाय. पोरं भितील."

पण तो माणूस चांगला होता. कुठलं पोरगं फोनला आलं हे मी कुणाला सांगणार नाही, घरी बायकोलासुद्धा नाही, असं त्याने कबूल केलं आणि ते पाळलंही. पुढे जे झालं ते त्याने तो शब्द पाळल्यामुळेही झालं, असं मला कधी कधी वाटतं.

त्या दुकानाच्या पत्र्यावर दोन तोंडांचा भोंगा होता. गाव लहान, पण वस्त्या लांब लांब रानात पसरलेल्या. मुंबईला, पुण्याला कामाला गेलेल्यांचे फोन याच दुकानात यायचे. फोन करणारा नाव सांगायचा, दहा मिनिटांनी परत लावतो म्हणायचा आणि ठेवायचा. मग भोंग्यावर पुकारा व्हायचा. अमक्या वस्तीवरच्या अमक्याच्या घरच्यांनी या, फोन हाय. रानातली माणसं हातातलं टाकून पळत यायची. ताईंना हे फार आवडलं होतं. एका फोनवर अख्खं गाव कसं भागवतं बघ, असं त्या परतताना जीपमध्ये म्हणाल्या.

मला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. आमच्या गल्लीत पहिला फोन आमच्याकडे आला होता. चार घरांनी आपापल्या नातेवाइकांना आमचा नंबर दिला होता, नंबरापुढे पीपी, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून. कुणाचा फोन आला की आई फाटकात उभी राहून हाक मारायची आणि ती ऐकू गेली नाही तर मला पाठवायची. कुणाच्या जावयाचा फोन आला, कुणाच्या भावाचा किती दिवसांत आला नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत असायचं. शेजीबाई आमच्या बैठकीत रिसीव्हर धरून रडायच्या, आणि आई मला आत जा म्हणून डोळ्यांनी खुणवायची. म्हणजे बोलावलेला फोन हा एकट्याचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. हे मी इथे लिहून ठेवते, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नको.

त्या गावातल्या एका मुलीचा पहिला फोन पावसाळा संपता संपता आला. दुपारची वेळ. आधी एसटीचा आवाज, मग श्वास. मी नुसती हॅलो म्हणून थांबले. गप्प बसणं मला येत होतं, आणि या कामात त्याचा उपयोग होतो हे मला तोवर समजलं होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली की आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला घरी मारतात.

मी विचारलं, कशाने मारतात. ती म्हणाली, कासऱ्याने. मग म्हणाली, त्या पोरीला एक बारकी बहीण आहे. तिला अजून मारत नाहीत, पण आता ती मोठी व्हायला लागली आहे.

दुसऱ्या फोनमध्ये 'ती पोरगी' गेली आणि 'मी' आली. ते केव्हा बदललं हे तिच्या लक्षात आलं नसावं, आणि मीही दाखवून दिलं नाही. ती सातवीत होती. आई मार खाऊन खाऊन वर्षापूर्वी माहेरी निघून गेली होती, आणि बाप पोरींना तिकडे जाऊ देत नव्हता. बाजाराच्या दिवशी तो सकाळी जायचा तो दिवस मावळताना यायचा. म्हणून ती बाजाराच्या दिवशीच फोन करायची. शाळेच्या मधल्या सुट्टीत दुकानात यायची. दुकानदार नंबर फिरवून द्यायचा आणि बाहेर जाऊन पोत्यांवर बसायचा.

मी हे सगळं रजिस्टरमध्ये लिहायची. आधी इंग्रजीत लिहायची, मला ते भरभर यायचं. ताईंनी एकदा पान उघडलं, वाचलं आणि विचारलं, हे त्या मुलीला वाचून दाखवता येईल का? त्या दिवसापासून मी मराठीत लिहायला लागले. हळू लिहायची, तिचेच शब्द लिहायची. कासरा, म्हणजे बैलाची दोरी, हा शब्द मी त्याआधी कधी लिहिलेला नव्हता.

ती माझ्याशी बोलायला लागली तशी मीही तिच्याशी बोलायला लागले. मला गणित यायचं नाही हे मी तिला सांगितलं. तिला गणित आवडायचं. बारकीला पाढे शिकवते म्हणाली. एकदा म्हणाली, "बाई, तुमी लई दमानं बोलता. मला आवडतं." माझ्या बोलण्यातलं काही कुणाला आवडतं, असं त्याआधी मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी चालत गेले, रिक्षा केली नाही.

तिसऱ्या फोनमध्ये तिने एकच गोष्ट दोनदा सांगितली. "तुमी फोन करू नका. मीच करीन." मी हो म्हणाले. रजिस्टरमध्ये लिहिलंही.

खर्ड्याला तिची मावशी होती. ताई जाऊन तिला भेटल्या. मावशी दोन्ही मुलींना ठेवून घ्यायला तयार झाली, पण एकटी त्या माणसासमोर जायला तयार नव्हती. मग असं ठरलं की ताई, मावशी, शाळेचे गुरुजी आणि पोलीस पाटील असे चौघे सोमवारी सकाळी वस्तीवर जातील. त्या दिवशी दोघी बहिणी घरातच असायला हव्या होत्या. बाप बारकीला पुष्कळदा शेरडांमागे डोंगराकडे पाठवायचा. एक हाती लागली आणि एक राहिली तर राहिलेलीचं काय होईल, याचीच ताईंना भीती होती. गुरुजींना पत्ता आधी लागू द्यायचा नाही, कारण ते आणि तो बाप भावकीतले. तेव्हा सोमवारची गोष्ट थोरलीला फोनवरच सांगायची होती. बाजाराच्या दिवशी तिचा फोन येणारच होता. तो आला की मी सांगायचं. माझं काम एवढंच.

बाजाराच्या दिवशी फोन आला नाही.

मी सकाळपासून जागची हलले नाही. डबा उघडला नाही. मधली सुट्टी झाली, संपली. ताई जामखेडला गेल्या होत्या आणि त्यांना विचारायची सोय नव्हती. ऑफिसात मी एकटी. शाळा सुटायची वेळ झाली. एकदा ती घरी गेली की पुढचा बाजार आठ दिवसांनी, आणि मध्ये सोमवार. तिला मारलं असेल, ती शाळेतच आली नसेल, बारकीला काही झालं असेल, असं सगळं मी मनात बघत होते. दुकानदाराला विचारू, तो शहाणा आहे, तो काहीतरी करील, असं म्हणून मी फोन लावला.

फोन त्याच्या बायकोने घेतला. मी नगरहून बोलतेय म्हणाले. तो माल आणायला कर्जतला गेला होता.

तिथे मी फोन ठेवायला हवा होता. अजून काही बिघडलं नव्हतं. पण मला दुकानदाराशी बोलायचं होतं आणि तो नव्हता, आणि ठरवलेलं वाक्य संपलं की माझं काय होतं ते मी वर लिहिलं आहे. तिने विचारलं, कोन पाहिजे? आणि मी त्या मुलीचं नाव सांगितलं. वर, आमच्या घरी रोज ऐकलेलं, तोंडात बसलेलं ते पुढचं वाक्यही बोलून गेले. म्हणाले, मी दहा मिनिटांनी परत लावते.

ती बाई बरं म्हणाली. रिसीव्हर तिने खाली ठेवला, पण बंद केला नाही, बाजूला ठेवला असावा. माइकचा खटका वाजला. मग मला फोनमधून भोंगा ऐकू आला. तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव, वस्तीचं नाव. नगरवरून बाईंचा फोन हाय. एकदा, आणि परत एकदा. रानावरून तो आवाज फिरून यायचा, त्यामुळे प्रत्येक शब्द मला दोनदा ऐकू येत होता.

मी ओरडले. ओरडले म्हणजे "अहो" म्हणाले, दोन-तीनदा. पलीकडे कानाशी कुणी नव्हतं.

त्या दहा मिनिटांत मी देवाला मानत नसूनही काय काय केलं ते लिहीत नाही. बाप बाजाराला गेलेला असेल, हेच घोकत होते. तो घरात नसेल तर ती येईल, तिला मी सगळं सांगीन, आणि गावात कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही सांगीन. दहा मिनिटं झाली तसा मी नंबर फिरवला.

"बोला," एक पुरुष म्हणाला. दुकानदाराचा आवाज मी ओळखत होते. हा तो नव्हता.



"कोन बोलतंय? आमच्या पोरीकडं काय काम हाय तुमचं?"

आवाज चढलेला नव्हता. अगदी रीतीने विचारलं त्याने. तेव्हापासून आजवर मी त्याला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. स्कॉलरशिपच्या परीक्षेचा फॉर्म राहिलाय. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख बघायचीय. नगरला वक्तृत्व स्पर्धा आहे, तिचं नाव आलंय. कुठलंही एक वाक्य चाललं असतं. आमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या कुणीही ते फेकलं असतं. मी नुसती श्वास घेत राहिले, आणि त्यालाही तो ऐकू गेला असणार. मग मी फोन ठेवून दिला. न बोलता ठेवलेला फोन म्हणजे काय, हे त्या माणसाने आपल्या परीने समजून घेतलं.

ताई संध्याकाळी आल्या. मी सांगितलं तेव्हा त्या खाली बसल्या नाहीत, टेबलाला टेकून उभ्याने ऐकलं. सोमवारची वाट बघायची नाही, उद्या पहिल्या गाडीने निघायचं, एवढंच बोलल्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान रडता तरी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वस्तीवर पोहोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं. दावणीला काही नव्हतं. अंगणातल्या चुलीपुढे अर्धं फोडलेलं सरपण तसंच पडलं होतं. शेजारच्या घरातली बाई धुणं पिळत होती, तिने काम थांबवलं नाही. ती ताईंकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा फोन हुता व्हय?"

मी मान हलवली.

तिने जे सांगितलं ते असं. बाजाराच्या त्या दिवशी बाप गेलाच नव्हता, त्याला ताप होता. म्हणून पोरगी दुकानात आली नाही, शहाण्यासारखी शाळेतून सरळ घरी आली. ती दारात पोहोचते तोवर भोंग्यावर तिचं नाव आलं. बाप उठला, तिला म्हणाला तू थांब, मी बघतो. परत आल्यावर त्याने तिला विचारलं, ती बाई कोण आणि तू काय सांगितलंस. तिने काहीच सांगितलं नाही. शेजारीण म्हणाली, सांगितलं असतं तर कमी मारलं असतं. पहाटे ऊसतोडीच्या मुकादमाचा टेम्पो बोलावून दोन्ही पोरी आणि भांडी घालून तो गेला. कारखाने सुरू व्हायला अजून महिना होता. एवढ्या लवकर कुठे गेला, ते कुणाला माहीत नव्हतं.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने आम्हाला बसायला पोतं झटकून दिलं. त्याची बायको आतल्या दारात उभी राहून पदराने तोंड पुसत होती. "मला काय म्हाईत ओ ताई. फोन आला की पुकारायचं. रोजचंच हाय त्ये. ह्यांनी मला कंदी काय सांगितलंच न्हाई." ताई तिला म्हणाल्या की तुझी काही चूक नाही. ते खरंच होतं. तिथे मी सोडून कुणाचीच चूक नव्हती, आणि हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

कर्जतला पोलिसांत तक्रार दिली. ताई पुढचे कितीतरी महिने कारखान्यांवरच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांमधून हिंडल्या, शेजारच्या जिल्ह्यांतही गेल्या. कधी कधी मीही जायची. पाचटाच्या खोपटांपुढे सातवी-आठवीच्या वयाच्या पुष्कळ मुली दिसायच्या, धाकटं कडेवर घेतलेल्या. मी तिचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. मी त्यांच्याशी काहीतरी बोलायची, वेळ विचारायची, पाणी मागायची, आणि आवाज ऐकायची. मावशी एकदा नगरला येऊन ऑफिसात बसली. चहा घेतला नाही. ती म्हणाली, तुम्ही यायच्या आधी मला पोरी निदान कुठे आहेत हे माहीत होतं.

त्या गावातून पुन्हा एकाही मुलाचा फोन आला नाही. भिंतीवरचा नंबर तसाच होता. पण या नंबरला फोन केला की पुढे कधीतरी आपलं नाव भोंग्यावर येतं, हे पोरांना समजलं होतं. आजूबाजूच्या गावांतले फोनही कमी होत गेले. ताईंनी माझ्याकडून फोन काढून घेतला नाही. मीच एकदा तसं म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या, आता उलट फोन कधीच करणार नाही असं माणूस माझ्याकडे एकच आहे.

वर्ष उलटून गेल्यावर, उन्हाळ्यात, एका दुपारी फोन वाजला. मागे कसलंतरी यंत्र चालू होतं, पिठाची गिरणी असावी. मी हॅलो म्हणून थांबले.

"बाई," ती म्हणाली.

मी तिचं नाव घेतलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आवाज जरा जाड झाला होता. मी विचारलं, बरी आहेस का. बरी आहे म्हणाली. बारकी कुठे आहे? इथेच आहे म्हणाली. मग तिने विचारलं की तुमच्याकडे मुलींना ठेवून घेतात का. मी घाईने सांगितलं की हो, वसतिगृह आहे, मावशी आहे, आम्ही आजच्या आज निघतो. ती म्हणाली, माझं नाही, बारकीचं विचारते. तिला घेतील का?

"दोघींना घेतील. तू कुठून बोलतेस? गावाचं नाव सांग फक्त."

गिरणी चालू होती. 

"न्हाई सांगत," ती म्हणाली. "सांगितलं तर तुमी फोन करताल."

ती रागाने बोलली नाही. पाण्यात जाऊ नको, तिथे खोल आहे, असं बारकीला सांगावं तसं म्हणाली. मी म्हणाले, माझं चुकलं. आता नाही करणार. शप्पथ. ती थोडा वेळ गप्प राहिली. माझ्यासारखी गप्प, पुढच्याला बोलू देणारी.

"मीच आनून सोडीन तिला," असं म्हणून तिने फोन ठेवला.

कुठून फोन आला ते टेलिफोन खात्याकडून समजेल का, याची ताईंनी खटपट केली. ते जमलं नाही. मी वसतिगृहात सांगून ठेवलं की एक सहा-सात वर्षांची मुलगी येईल, तिच्याबरोबर मोठी बहीण असेल, कागदपत्रं नसतील, काही विचारायचं नाही. तिथल्या बाईंनी एक पलंग मोकळा ठेवला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, मुली वाढल्या, तेव्हा त्यांनी मला विचारलं की हा पलंग देऊ का कुणाला. मी म्हणाले, आणखी आठ दिवस थांबा. नंतर दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी द्या म्हणाले.